इलायचीचा पाय आणि न वाजलेली हलगी

रामकिसन, तुझ्या मयतीत हलगी वाजली नाही म्हणून गाव अजून माझ्या नावानं बोटं मोडतं आहे. पारावर गेलो की बोलणं थांबतं. ज्या माणसाच्या तोंडासाठी तू जन्मभर बूच शोधत राहिलास, तो हा दत्तू आता मुकाट चहा पिऊन उठतो, असं कुणी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "ही बी थापच हाय." थाप नाही. पण तू गेलास तिथून सुरुवात केली की माझं चाक रुततं. घोडीपासून सुरू करतो.

माझ्या माइकवर इलायची निजामाच्या पागेतल्या घोडीची पणती होती. तिची आजी हैदराबादेत संगमरवरावर नाचली होती आणि आई एकदा तापलेल्या तव्यावर, तेही तव्यावरची भाकर न करपू देता. वरातीपुढं हे सांगताना मी कधी अडखळलो नाही. तू लगाम धरून शेजारी उभा असायचास आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणायचास, "निजामाची न्हाई बाबा, वीटभट्टीची हाय."

वीटभट्टीचीच होती. परतूरच्या पलीकडं विटांची गाडी ओढताना तुला दिसली. बरगड्या अशा, की वर धोतर वाळत घालावं. मी म्हणालो, ही घोडी नाही, हा घोडीचा सांगाडा आहे, आत कुणीतरी फुंकर घालून हलवतंय. तू तिच्याकडं बघतच नव्हतास; तू तिच्या पावलांकडं बघत होतास. म्हणालास, "भरल्या गाडीखाली बी कशी पावलं टाकून राह्यली बघ. मापून टाकती." घरी आणली त्याच दिवशी तिनं गोदावहिनीच्या ओट्यावरचा चहाचा डबा पालथा केला आणि त्यातली इलायची तेवढी निवडून खाल्ली. यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि माझ्या साऱ्या गोष्टींत नेमकी हीच खरी आहे. वहिनी तेव्हापासून तिला सवत म्हणायला लागल्या.

लोकांना वाटायचं तू तिला नाच शिकवलास. कितीतरी महिने तू तिला नुसतं चालवलंस. सकाळी डांबरीवर, संध्याकाळी डांबरीवर, हातात दोर, तोंडात शब्द नाही. मी वैतागलो. म्हटलं, घोडी नाचायला आणली का मोजणीला? तू म्हणालास, "नाच कुत्र्याला बी शिकवता येतो. चाल दुरुस्त असली की नाच तिचा तिला येतो." आणि आला की रे. कुंभार पिंपळगावच्या बाजारात खाटेवर चढून ती नाचली त्या दिवशी भाजीवाल्या बायका वजनं विसरल्या. खाटेचा सुंभ तुटला नाही, एक पाय कुरकुरला नाही. मी माइकवर म्हणालो, मंडळी, खाटेखाली पोर झोपवलं तर पोर जागं व्हायचं नाही.

तो माइक तू माझ्या हातात दिलास, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. त्याआधी मी कोण होतो? बैलबाजारात दुसऱ्याच्या बैलांची वाखाणणी करत फिरणारा, ज्याला बघून लोक रस्ता बदलायचे. माझ्या थापांना गावात गिऱ्हाईक नव्हतं. तू एकदा सहज म्हणालास, "तुझं तोंड घोडीच्या पुढं चालू दे, मागं मला तरी ऐकावं लागनार न्हाई." त्या दिवसापासून मला धंदा मिळाला, आणि सोबत एक माणूस मिळाला, जो माझं सगळं ऐकायचा आणि एकावरही विश्वास ठेवायचा नाही. असा माणूस सगळ्यांच्या नशिबात नसतो, रामकिसन. विश्वास ठेवणारे पुष्कळ भेटतात.

मग गेल्या उन्हाळ्यातलं परतूरचं लग्न. वरात धान्याच्या मोंढ्याच्या तोंडाशी आली आणि इलायचीनं मान हलवायला सुरुवात केली. ठोक्यावर मान वर, ठोक्यावर मान खाली. आजवर तिनं असं कधी केलं नव्हतं. लोक वेडे झाले. आपला हलगीवाला अंबादास, त्याचा हात तर घोडीच्या पायाला बांधलेलाच. त्यानं ठेका तिच्या मानेबरोबर फिरवला, एक ठोका जड, एक हलका. पोरी गच्चीवर आल्या. मी माइकवर म्हणालो, "मंडळी, आजवर चार पायांनी नाचली, आजपासून मानेनं बी नाचून राह्यली." शिट्ट्या अशा, की मोंढ्यातली कबुतरं जालन्याच्या ठेसनावर जाऊन बसली असतील.

तेवढ्या गोंगाटात तू खाली वाकलास. वर आलास तेव्हा तुझा चेहरा मी ओळखला नाही.

"वाजवनं बंद कर."

"आरं, काऊन? रंग चढून राह्यला ना."

"म्होरला डावा पाय टेकला की मान वर झटकून राह्यली. वजन टाकंना त्या पायावर. नाच न्हाई त्यो दत्तू, दुखनं हाय."

सारी वरात घोडीच्या लंगडण्याला टाळ्या देत होती. हलगीनं त्या लंगडण्याचा ताल धरला होता. मी त्याला नाव दिलं होतं. अशी चूक नाचऱ्या घोडीवाल्यांच्याच गावात होऊ शकते. दुसरीकडं घोडी लंगडली तर लंगडलीच दिसते.

तू नवरदेवाला खाली उतरवलंस. त्याचा मामा अंगावर आला, "आमचा पोरगा पायी मांडवात गेला तर लोक काय म्हनतील?" तू दोर गुंडाळत म्हणालास, "म्हनतील, नवरदेवाचे पाय तरी धड हायेत." त्या मामाच्या तोंडाचा जो आकार झाला होता, तो आठवून आपण दोघं टेम्पोच्या मागं घोडीशेजारी बसून हसलो. मग तू तिच्या पायावर हात ठेवलास आणि हसायचा थांबलास. गुडघ्याखाली मागची नस मासोळीच्या पोटासारखी फुगली होती. हाताला चटका बसत होता.

जालन्याहून डॉक्टरीणबाई मशीन घेऊन आल्या. पडद्यावर तिची नस दाखवली. दोरखंडातले काही पीळ तुटलेत, म्हणाल्या, दोरखंड शाबूत आहे. आधी विश्रांती आणि गार पाणी. मग हातात धरून थोडं थोडं चालवणं, सपाट आणि कठीण रस्त्यावर, काळ्या रानात अजिबात नाही, रान पाय ओढतं. नुसती बांधून ठेवली तर नस वेडीवाकडी भरेल. चालली तर पीळ सरळ बसतील. उड्या नाहीत, गोल फिरवणं नाही, आणि मुख्य म्हणजे नाच नाही. तू म्हणालास, "म्हंजी पुन्हा चालायलाच शिकवायचं. ते येतं मला." बाई हसल्या. नालबंद रशीदभाईला बोलावलं, त्यानं तिच्या खुराचं वाढलेलं टोक मागं घेतलं. म्हणाला, "लंबा खूर म्हंजे लंबी चप्पल, मियाँ. हर कदम पे नस खिंचती."

ते दिवस मला हवे आहेत, रामकिसन. बाकीचे ठेवून घे. सकाळी तू तिला कॅनॉलच्या वाहत्या पाण्यात गुडघाभर उभी करायचास आणि ती हलू नये म्हणून मी काठावर बसून तिला गोष्टी सांगायचो. एकदा सांगितलं, की या पाण्यातले मासे पैठणहून शिवणकाम शिकून येतात, बघ, तुझ्या नसेला टाके घालून राह्यले. तू पाण्यातूनच म्हणालास, "एखाद्या माशाला म्हनावं, याच्या जिभेला बी एक टाका घाल." इलायचीनं कान टवकारले. ती माझं ऐकत होती असं मला वाटायचं. आता वाटतं, ती तुझ्या हसण्याची वाट बघायची.

आणि आवाज. तू आवाजांच्या मागं लागलास. हलगी कानावर पडली की ती दुखणं विसरते, हे तुला ठाऊक होतं. वहिनींच्या कुकरची शिट्टीसुद्धा तुला खपेना, त्या बिचाऱ्या वरण पातेल्यात शिजवायला लागल्या आणि म्हणाल्या, "सवतीसाठी मी कुकर सोडला, लोकं नवरा सोडतेत." पोळ्याला तिच्या कानात कापसाचे बोळे घातलेस. दुसऱ्या कुणालाही ती कानाला हात लावू देत नसे. गणपतीत तर तिला घेऊन शेतावरच राहिलास, विसर्जन झाल्यावर परत आलास, दाढी वाढलेली, अंगाला घोडीचा वास. मी म्हटलं, नवरा-नवरी हवापालट करून आले.

सूज उतरली. गरमी गेली. ती डांबरीवर मापून पावलं टाकायला लागली, तशी माझ्या तोंडाला खाज सुटली. त्या संध्याकाळी तुझ्या ओट्यावर आपलं जे झालं, ते अजून संपलेलं नाही.

"तुळशीचं लगीन झालं की पयलं लगीन घिऊ," मी म्हणालो.

"न्हाई."

"आता काय राह्यलं? पाय बराबर टाकती."

"चालताना टाकती. नाचायचा भरवसा न्हाई. भरल्याली नस मूळची नसती दत्तू. धागा तुटून गाठ मारली की कापड नवं होतं का?"

"मंग तिनं जन्मभर काय करावं? जपमाळ ओढावी?"

"चालावं. येवढं बस हाय."

"तुला बस हाय. हलगी वाजली की तिचे कान बघ. तिला नाचायचं हाय. तू तिच्या जिवाला दोर बांधून राह्यला."

तेव्हा तू चिडलास. क्वचित चिडायचास, म्हणून लक्षात आहे. "तिला नाचायचं हाय, तर ते तिच्या पायाला इचारून सांग. कानाला इचारू नको." मी चपला घातल्या. पाठीमागून तू आणखी काहीतरी म्हणालास. मी वळलो नाही. काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही, आणि आता कुणाला विचारू? वहिनी आत होत्या. घोडी ऐकत होती; पण ती सांगणाऱ्यातली नाही.

सकाळी तू गेलास. ते कसं झालं ते तुला माहीत, मला माहीत. ते लिहीत नाही.

नातवंडं बघितलेला माणूस आमच्याकडं वाजत नेतात. तू तर प्रत्येक वरातीत अंबादासच्या पाठीत गुद्दा घालून सांगायचास, "मला नेताना असंच वाजीव, हात राखू नको." नवीन जालन्याहून तुझा अशोक आला. बियाण्याच्या कंपनीत साहेब झाला तरी बापाचा शब्द पोरगा विसरला नव्हता. येतानाच अंबादासला फोन करून मोकळा झाला होता. अंगणात तुझ्या आंघोळीचं पाणी तापत होतं. त्याच जाळावर अंबादासनं हलगी शेकायला धरली. डोळे पुसत होता आणि कातडं शेकत होता. मग बोटानं वाजवून बघितलं. नुसतं बघितलं, रामकिसन. पण त्या हाताला एकच ठेका ठाऊक.

गोठ्यातून धप्प असा आवाज आला.

आवाज ओळखला फक्त मी. गणपतीत तिला शेतावर न्यायला तू होतास. तुझ्या मयतीला तिला शेतावर न्यायला तू नव्हतास, आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ते आलं नाही. धावत गेलो. ती मागच्या पायांवर उभी, दोर ताणलेला, कान पुढं. खाली आली ती डाव्या पायावर. मान वर झटकली. परत उठली. मी खांबावरच्या पिशवीतला कापूस घेऊन तिच्या कानाला हात घातला, तर तिनं मला भिंतीवर टाकलं. ही माझी नेहमीची अतिशयोक्ती समज; खांदा मात्र अजून वर होत नाही. दोर सोडून बाहेर काढावी तर बाहेर सारं गाव, आणि अंगणात तू.

मी अशोकपाशी गेलो. म्हटलं, "वाजवू नको बाळा."

"काका, बाबाची येवढी एकच इच्छा व्हती."

खरं सांगता आलं असतं. घोडीचा पाय जाईल, म्हणून माणसाची हलगी थांबवा. कुणी ऐकलं असतं? आणि माझ्या तोंडून? माणसं बघत होती. अंबादासनं हलगी खांद्याला अडकवली. मग मी ते केलं जे मला येतं. वरातीतला आवाज काढला आणि म्हणालो, "काल सांजंला वट्यावर मला बोलला रामकिसन. 'दत्तू, माझं काही झालं तर मुकाट न्या. हलगी नको. लई वाजलं आयुष्यभर.' हे त्याचं शेवटचं बोलनं हाय माझ्याशी."

सारं अंगण वहिनींकडं वळलं. त्या तुझ्या उशाशी बसलेल्या. तुला वाजत जायचं होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी माझ्याकडं बघितलं. असं बघितलं, की आजवरच्या माझ्या सगळ्या थापा एका रांगेत उभ्या राहिल्या. गोठ्यात परत धप्प झालं. वहिनींची मान तिकडं गेली, तुझ्याकडं आली.

"मला बी तसंच म्हनले व्हते," त्या म्हणाल्या.

अंबादासनं हलगी भिंतीशी पालथी ठेवली.

मग तू गेलास तो नुसत्या चपलांच्या आवाजात. जन्मभर ढोल-हलगीत वावरलेला माणूस. मी मागं चालत होतो आणि मला वाटत होतं, आता उठतोस आणि म्हणतोस, दत्तू, मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालतो का रे? घातले. दहाव्याला कीर्तनकार बुवांनी सांगितलं, की रामकिसन शेवटी शेवटी मोठा विरक्त झाला होता, त्यानं गाजावाजा नाकारला. मला असं हसू फुटलं की पंचा तोंडात कोंबावा लागला. ते सांगायला संध्याकाळी चपला घालून निघालो, आणि तुझ्या ओट्यापाशी येऊन उभा राहिलो.

तुझं पटलं म्हणून मी हलगी थांबवली, असं समजू नकोस. मला अजून वाटतं तिला नाचायचं आहे. मागच्या पायांवर उभी होती तेव्हा तिचं तोंड मी बघितलं. दुखण्याचं तोंड तसं नसतं. पण वाद घालायला समोर माणूस लागतो. तू तिकडं गप्प पडलेला असताना माझंच खरं करून घ्यायचं, हे मला जमलं नाही. एवढंच त्यातलं. पारावरच्या लोकांना वाटतं मी दोस्ताची शेवटची हौस मारली. वाटू दे. खरं वहिनींना माहीत आहे.

रशीदभाईनं पाय चाचपला, म्हणाला, "थोडी गर्मी हय." डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मशीन लावलं. भरलेल्या पिळांतले थोडे परत उसवले होते. मयत वाजत गेली असती स्मशानापर्यंत, तर दोरखंडच गेला असता, म्हणाल्या. यावर किती भरवसा ठेवावा ठाऊक नाही, मला बरं वाटावं म्हणूनही बोलल्या असतील. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा कॅनॉल. पाण्यात मी उतरतो आता, आणि काठावर बसून गोष्ट सांगायला कुणी नाही. घोडी आणि मी, दोघं पाण्याकडं बघत उभे राहतो.

आणि आता थंडीत परत डांबरीवर. इथं मला एक गोष्ट कळली, जी तू असताना कळायचं कारण नव्हतं. ज्याच्या हातात दोर असतो, त्याला पाय दिसत नाहीत. मी दोर धरून पुढं, पाय मागं. मान वळवून बघावं तर तीही मान वळवते आणि चाल मोडते. उन्हात तिच्या सावलीकडं बघत चाललो, तर सावलीला चारच्या ऐवजी सात पाय. कडेच्या फुफाट्यात खुरांचे ठसे तपासले, त्यात बकऱ्यांचे मिसळलेले. माझ्या मानेला असा पीळ पडला, की नाल मलाच मारावा. घोडी बरी होते आहे का पुन्हा बिघडते आहे, हे मला एकट्याला कधीच समजणार नव्हतं. एकानं चालवायचं, एकानं बघायचं. आपण दोघं होतो तेव्हा त्याला कुणी काम म्हणतसुद्धा नव्हतं.

आज सकाळी गोदावहिनी बाहेर आल्या. डोक्यावर पदर, पायात तुझ्या चपला. माझ्या हातातला दोर घेतला.

"तुमी मागं ऱ्हावा भावजी. मी धरते."

"वहिनी, ती ओढती."

"तुमच्या दोस्ताला धरून ठिवलं जन्मभर. ही काय ओढंल?"

घोडीनं त्यांच्या पदराचा वास घेतला. वहिनींनी तिच्याकडं बघितलंही नाही, चालायला लागल्या. हातपंपापर्यंत गेल्या, वळल्या, आल्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण दोर ढिला होता, पाऊल संथ होतं, आणि त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही श्वास धरून उभा होतो, कारण डोळ्यांआधी कान सांगतात, टाप सारखी पडते का नाही ते.

माझ्यापाशी येऊन थांबल्या. "कशी चालली?"

तोंडात आलं होतं. घोडी कुठं वहिनी, पालखीच ती, पाय जमिनीला लागले कुठं. वरातीत हे वाक्य मी कितीदा खपवलं असेल.

"अजून पाय चोरती," मी म्हणालो. "डावाच. लई न्हाई. पन चोरती."

त्यांनी मान हलवली. तिच्या कपाळावरची आयाळ बाजूला सारली, पहिल्यांदाच तिला हात लावला असेल. मग म्हणाल्या, "आनखी एकडाव बगा बरं नीट," आणि घोडी वळवली, रामकिसन, डावा पाय माझ्या बाजूला राहील अशी.